हात नसलेला सोबती

'जर्नी' या व्हिडिओ गेममधल्या पात्राला हात नाहीत. बऱ्याच जणांच्या हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत लक्षातही येत नाही. तांबडा झगा, खाली निमुळते होत गेलेले दोन पाय, डोक्यावर कुंचीसारखं काहीतरी आणि तिच्या आत चमकणारे दोन डोळे, एवढाच ऐवज. हात नाहीत म्हणून काही उचलता येत नाही, कुणाला मारता येत नाही, कुणाचा हातही धरता येत नाही. चालायचं, स्कार्फमध्ये बळ असेल तेवढं उडायचं, खाली बसायचं आणि हाक मारायची. एवढ्यावर हा गेम साधारण दोन तासांत एका अनोळखी माणसाचा असा लळा लावतो, की श्रेयनामावली संपल्यावरही लोक पडद्यासमोरून उठत नाहीत.

ही सोबत कशी जुळते, कुठे तुटते आणि आपल्या चुकीने ती तुटू नये म्हणून काय सांभाळायचं, यासाठी हा लेख. शेवट उघड करणार आहे. गेम अजून खेळला नसेल तर आधी खेळून या. कुठलीही मार्गदर्शिका न वाचता, हेडफोन लावून, मध्ये न उठता.

आधी जुजबी माहिती. कॅलिफोर्नियातल्या दॅटगेमकंपनीने तो बनवला, दिग्दर्शन जेनोवा चेन यांचं. मार्च २०१२ मध्ये सोनीने तो प्लेस्टेशन ३ वर आणला. पुढे २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४, २०१९ मध्ये पीसी आणि आयफोन, २०२० मध्ये स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. ऑस्टिन विंटरी यांच्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दृश्य माध्यमांच्या पार्श्वसंगीताच्या त्या विभागात व्हिडिओ गेमचं नाव तोवर कधी आलं नव्हतं. कथा म्हणाल तर एका ओळीची: वाळवंटात जाग येते, लांबवर एक डोंगर दिसतो, त्याच्या फुटलेल्या शिखरातून उजेड येतो, तिथे जायचं.

पहिल्या फेरीत पहिला टप्पा तुम्ही एकट्याने पार करता. दुसऱ्यात, म्हणजे तुटक्या पुलापाशी, लांब वाळूत आणखी एक तांबडा ठिपका हलताना दिसतो. कसलीही सूचना येत नाही. 'अमुक खेळाडू सामील झाला' असली पट्टी नाही, त्याचं नाव नाही, देश नाही, भाषा नाही. खूप जण त्याला गेमनेच चालवलेलं पात्र समजतात आणि गेमच्या शेवटी येणारी, वाटेत भेटलेल्या खेळाडूंची यादी बघितल्यावर चरकतात. खात्री करायची असेल तर थोडा वेळ नुसतं बघत राहा. गेमने चालवलेलं पात्र उगाच गोल फिरत नाही, कड्यावरून दोनदा घसरत नाही, आणि तुम्ही हाक मारल्यावर क्षणभर विचार करून उत्तर देत नाही. हा क्षणभराचा उशीर फक्त माणसाचाच असतो.

मराठीत लिहिताना एक पेच पडतो. 'सोबती आला' म्हणायचं की 'आली'? इंग्रजीत हे सर्वनामावर निभावतं, आपलं क्रियापद मात्र उत्तर मागतं. खरं तर लेकराला, पाखराला लावतो ते 'आलं' त्या झगेवाल्याला सगळ्यात शोभून दिसेल. पण दोन हजार शब्द नपुंसकलिंगात काढणं अवघड, म्हणून इथे 'सोबती' आणि 'तो'.

काय काय काढून टाकलं

गेम बनवताना झालेले प्रयोग चेन यांनी भाषणांतून बरेच उलगडून सांगितले आहेत. एका आवृत्तीत पात्रांची शरीरं एकमेकांना धडकायची, त्यामुळे धक्का देऊन मदत करणं शक्य होतं. लोकांनी मदत करायची सोडून एकमेकांना खड्ड्यात लोटलं. चेन यांनी एका बालमानसतज्ज्ञाला विचारलं. उत्तर साधारण असं होतं, की नव्या आभासी जगात आलेला माणूस तान्ह्या मुलासारखा असतो: ज्या कृतीला सगळ्यात मोठा प्रतिसाद मिळतो, ती तो पुन्हा पुन्हा करतो. समोरच्याला दरीत पाडण्याइतका मोठा प्रतिसाद दुसरा कुठला असणार? मग धडकच काढून टाकली. तयार गेममध्ये दोन झगे एकमेकांतून आरपार जातात आणि अंगाला अंग लागलं की दोघांचे स्कार्फ उजळतात. जवळ येण्याचा मोठ्यात मोठा प्रतिसाद आता हाच.

स्कार्फ म्हणजे या गेमची नाडी. वाऱ्यावर फडफडणारं उपरणंच ते. त्यावरच्या चमकत्या अक्षरांइतकं उडता येतं, उडाल्यावर ती विझतात. पुन्हा भरण्यासाठी हवेत तरंगणाऱ्या कापडाच्या तुकड्यांना शिवायचं, नाहीतर सोबत्याला. वाटेत लपलेली चमकती चिन्हं सापडली की स्कार्फची लांबी वाढते. एक चिन्ह तुम्ही घेतलं म्हणून सोबत्याचं जात नाही, त्याला ते तिथेच, तसंच मिळतं. आधीच्या प्रयोगांत वाटून घ्यायच्या वस्तू मर्यादित होत्या, तेव्हा खेळणाऱ्यांना दुसरा माणूस नकोसाच वाटायचा. टंचाई गेली आणि तो हवासा झाला. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. या गेममध्ये दोघांनी मिळूनच होईल असं एकही काम नाही. इंटरनेट बंद करून एकट्याने अख्खा डोंगर चढता येतो. म्हणजे कुणी तुमच्यासाठी थांबला, तर त्याला थांबण्याची गरज नव्हती, आणि हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. दोघांनी एकदम कळ दाबल्याशिवाय न उघडणारा दरवाजा ठेवला असता, तर तीच सोबत कामापुरती झाली असती.

इथे वारी आठवण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. पण ती तुलना फार ताणू नये. वारीत दिंडी असते, दिंडीला नंबर असतो, मुक्काम ठरलेले असतात, आणि अनोळखी माणसालाही हाक मारायला 'माउली' हा शब्द असतो. इथे तेवढाही शब्द नाही.

हाकेची भाषा

बटण हलकं दाबलं की छोटी हाक, दाबून धरलं की मोठी. हाकेबरोबर डोक्यावर तुमची ओळख असलेलं चिन्ह (वाटेत वेचायच्या चिन्हांहून वेगळं) उमटतं आणि भोवती प्रकाशाचं वर्तुळ पसरतं. मोठ्या हाकेचं वर्तुळ मोठं, आणि त्यात सापडलेल्या सोबत्याचा स्कार्फ लांबूनही भरतो. हाकांचा अर्थ कुठेही लिहून ठेवलेला नाही, पण खेळणाऱ्यांमध्ये काही रिवाज आपोआप पडलेत. एक लांब हाक म्हणजे 'इकडे ये' किंवा 'कुठे आहेस'. एका जागी उभं राहून भराभर छोट्या हाका म्हणजे 'इथे काहीतरी आहे', बहुधा चमकतं चिन्ह. दोन छोट्या हाकांना दोन छोट्या हाकांनी उत्तर देणं म्हणजे निव्वळ गप्पा. संकटातही भराभर हाका येतात आणि आनंदातही, त्या प्रसंगावरून ओळखायच्या.

नवखे दोन चुका करतात. एक, अजिबात हाक न मारणं. समोरच्याला वाटतं की याला सोबत नको आहे, आणि तो निघून जातो. दुसरी, बटण न सोडणं. सतत चिवचिवाट चालू असला की खरी हाक त्यात बुडते.

पहिल्या भेटीतच सोबत्याचं चिन्ह नीट बघून ठेवा. सोबती लांब गेला की पडद्याच्या ज्या कडेला तो आहे ती कड पांढरी उजळते. कॅमेरा तिकडे वळवून चालत राहिलात तर तो सापडतो. मात्र फार अंतर पडलं तर जोडणी तुटते, आणि गेम निमूटपणे त्याच भागातला दुसरा कुणीतरी जोडून देतो. झगा तोच, रंग तोच, चाल तीच. चिन्ह पाहिलं नसेल तर माणूस बदलल्याचा पत्ताही लागत नाही, आणि पूल ओलांडून देणाऱ्याचे आभार तुम्ही बर्फात दुसऱ्याच कुणाचे तरी मानत बसता.

कुठे हुकतं

वाळूवरून घसरत जाण्याचा टप्पा सगळ्यात देखणा. बुडालेल्या शहरातून, खांबांच्या रांगेमागून येणाऱ्या मावळतीच्या उजेडात दोघं खाली निघालेले असतात आणि कॅमेरा बाजूने बघत असतो. सोबती हरवण्याचं हे पहिलं मोठं ठिकाण, कारण उतारावर मागे फिरता येत नाही. घसरायला लागण्याआधी वरच थांबा, तो शेजारी आला की एकदम निघा. खाली उतरल्यावर पुन्हा थांबा. नवखा असेल तर तो वर एखादं चिन्ह शोधत रेंगाळलेला असू शकतो.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक वेदी असते. तिथल्या उजेडात बसलं की पांढऱ्या झग्यातली उंच आकृती दिसते आणि पुढचा टप्पा उघडतो. सोबती पोहोचण्याआधी तिथे बसू नका. नियम साधा आहे, पण निम्म्या ताटातुटी इथेच होतात. पुढे काय हे बघायची घाई कुणाला नसते?

भुयारात पहारेकरी येतात, दगडी सापासारखे उडणारे राक्षस. त्यांच्या डोळ्याचा झोत निळसर असतो, तुम्ही त्यात सापडलात की लाल होतो आणि ते झडप घालतात. जीव जात नाही. या गेममध्ये मरण नाहीच. पण झडपेत स्कार्फचा मोठा तुकडा तुटून जातो, आणि तासभर गोळा केलेली लांबी डोळ्यांदेखत उडून जाते. झोत पुढे सरकेपर्यंत आडोशाला थांबा, मग भिंतीच्या कडेने निघा. नवखा सोबती उघड्यावर धावत सुटला तर त्याच्यामागे धावून उपयोग नाही, दोघांचेही स्कार्फ जातील. आडोशातूनच एक लांब हाक द्या, बहुतेक जण परत फिरतात. याउलट, कुणी मुद्दाम झोतात जाऊन तुमच्यावरची झडप स्वतःवर घेतली, तर ते ओळखा. हात नसलेल्या पात्राला याहून जास्त काही देता येत नाही.

मनोऱ्यात उजेड पाण्यासारखा चढत जातो आणि आपण त्यातून पोहल्यासारखे वर जातो. इथे घाई नको, पडलात तर पुन्हा खालून वर यावं लागतं. स्कार्फ आखूड असलेल्याला वर न्यायचं असेल तर दोघं अगदी चिकटून उडा, आणि हवेत अंतर पडलं की लगेच मोठी हाक मारा. लांब स्कार्फवाला सरळ वर जाऊन बसला तर खालचा मुकाट्याने एकेक पायरी शोधत राहतो. हे दृश्य बघवत नाही.

मग बर्फ. इतका वेळ शिकवलेलं सगळं इथे गेम एकेक करून काढून घेतो. गारठ्याने स्कार्फ ताठतो, अक्षरं विझत जातात, उडणं बंद होतं. उभ्या दगडांच्या आडोशाला थांबून, वाऱ्याचा झोत ओसरला की पुढच्या दगडाकडे जायचं, नाहीतर वारा मागे लोटतो. इथे सोबत्याला चिकटून चाला. अंगाला अंग लागलं की स्कार्फमध्ये थोडी धुगधुगी येते, लांब गेलात की विझते. वर पुन्हा पहारेकरी आहेत आणि लपायला जागा कमी, म्हणून एका आडोशातून दुसऱ्यात दोघांनी एकदमच जायचं.

शेवटच्या चढावर पावलं जड होतात, हाकेचं वर्तुळ लहान लहान होत जातं, आणि शेवटी बटण दाबूनही जवळजवळ काहीच उमटत नाही. मग दोघं बर्फात कोसळतात. नव्या खेळाडूला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं, सगळेच कोसळतात. यावेळी कंट्रोलर खाली ठेवू नका आणि गेम तर मुळीच बंद करू नका. पुढच्याच क्षणी पांढऱ्या आकृत्या येतात, तुम्हाला उभं करतात, आणि पुढची काही मिनिटं स्कार्फ न संपता ढगांच्या वर उडता येतं. तिथे सोबती पुन्हा भेटतो. बर्फात 'हरलो' समजून कुणी बाहेर पडला, तर त्याचा सोबती वर एकटा उडतो.

हा शेवटही सहज जमलेला नाही. कामाला तीन वर्षं लागली, पैसे संपत आले, तरी चाचणी खेळणाऱ्यांना काही वाटेना. पुढे एका चाचणीत २५ पैकी ३ जण खेळ संपल्यावर रडले, आणि आपण योग्य वाटेवर आहोत असं बनवणाऱ्यांना तेव्हा वाटलं. फक्त ३! पण त्याआधीचा आकडा शून्य होता हे लक्षात घेतलं तर ३ पुष्कळ झाले.

उजेडात शिरण्याआधी बर्फाची एक छोटी वाट उरते. तिथे थांबायची पद्धत आहे. पावलांचे ठसे उमटतात, म्हणून लोक चालून चालून बर्फात बदाम काढतात. हात नसल्याने पायांनी. सोबती काढत असेल तर मध्येच चालत जाऊन तो मोडू नका, बाजूला बसा. मग दोघं एकदम आत जा.

पांढऱ्या झग्याचं काय

सगळी चमकती चिन्हं मिळवली की पांढरा झगा मिळतो. त्याचा स्कार्फ जमिनीवर उभं राहिलं तरी आपोआप हळूहळू भरतो. प्रवास पुरा केला की झग्याच्या काठावर नक्षी वाढते, त्यामुळे अनुभवी खेळाडू लांबून ओळखू येतो. पांढरा झगेवाला भेटणं हे नव्याचं भाग्य आणि कधी कधी दुर्भाग्यही. वाईट वाटाड्या प्रत्येक चिन्हापाशी उभा राहून हाकांचा भडिमार करतो, नवा चार पावलं स्वतःहून चालला तरी त्याला परत बोलावतो, आणि दोन तासांचा प्रवास चिन्हं वेचण्याची मजुरी करून टाकतो. चांगला वाटाड्या मागून चालतो. नव्याला एखादी गोष्ट स्वतः दिसेल एवढा वेळ देतो, नाही दिसली तरच एकदा हाक मारतो, आणि तरीही तो आला नाही तर सोडून देतो. अर्धी चिन्हं सोडून डोंगरावर पोहोचलेल्याचं काहीही बिघडत नाही.

मध्ये जायची वेळ आलीच तर नुसतं नाहीसं होऊ नका. सोबत्यासमोर खाली बसा, दोन-तीन हाका मारा, थोडं थांबा, मग बाहेर पडा. जोडणी तुटली की तुमचं पात्र त्याच्या पडद्यावर बसलेलंच विरून जातं. निरोप घेतला असेल तर तो समजतो. न घेता गेलात तर तो त्या जागी किती वेळ घुटमळला, हे तुम्हाला कधीच कळत नाही. दोघांनी मिळून २० सेकंद शांत बसलं तर गेम त्याची ट्रॉफी, म्हणजे खात्यावर जमा होणारं डिजिटल बक्षीस, देतो. माझ्या मते ती नसती तरी चाललं असतं, कारण आता कुणी शेजारी येऊन बसला की ते ट्रॉफीसाठी की आपल्यासाठी, असा किडा डोक्यात वळवळतो.

श्रेयनामावली चालू असताना एक तारा डोंगरावरून निघून सगळी वाट उलटी पार करत सुरुवातीच्या वाळवंटात येतो. त्यानंतर, अगदी शेवटी, वाटेत भेटलेल्यांची यादी येते: चिन्ह आणि शेजारी ऑनलाइन नाव. एकच माणूस शेवटपर्यंत होता असं वाटत असताना यादीत चार नावं निघणं नेहमीचंच. निरोप पाठवायचा असेल तर त्याच दिवशी पाठवा, एक-दोन ओळींचा, आणि साध्या इंग्रजीत. कुठल्या टप्प्यावर भेटलो ते लिहा, कारण त्यालाही तुम्ही तांबड्या झग्याशिवाय कुठल्याच रूपात आठवणार नाही. उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप नको.

अँड्रॉइडवाल्यांसाठी

'जर्नी' अँड्रॉइडवर नाही. त्याच कंपनीचा 'स्काय' मात्र २०१९ मध्ये आयफोनवर आणि २०२० मध्ये अँड्रॉइडवर आला, आणि तो फुकट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना असली सोबत पहिल्यांदा तिथेच भेटेल. तिथे हात आहेत. अनोळखी माणूस आधी करड्या सावलीसारखा दिसतो. मेणबत्ती पुढे करून त्याची पेटवली की त्याचं खरं रूप दिसतं. मैत्री करायला मेणबत्त्या खर्च कराव्या लागतात, आणि मोकळ्या गप्पा त्याही पुढे उघडतात. मध्येच गप्पा हव्या असतील तर बाकावर शेजारी बसायचं. हात धरला की पुढचा उडतो आणि मागचा आपोआप ओढला जातो. नव्याला अवघड जागा पार करून द्यायला ही उत्तम सोय आहे, पण सारखं ओढत नेलं तर त्याने पाहिलं काय, हा प्रश्न उरतोच.

काही दरवाजे मात्र दोघं, चौघं किंवा आठ जण जमल्याशिवाय उघडत नाहीत. तिथे जमलेले लोक दार उघडताच पांगतात. सोबत हवी असेल तर दारापलीकडे कोण थांबतं ते बघा. मैत्री जुळताना समोरच्याला नाव तुम्हीच द्यायचं असतं, आणि ते फक्त तुम्हालाच दिसतं. 'मित्र १', 'मित्र २' असली नावं देऊ नका, महिन्याभराने कोण कोण ते आठवत नाही. भेटीची खूण ठेवा: 'पावसातला', 'बाकावरची', 'आठांच्या दारातला'. तुमचं नाव तिकडे काय पडलंय, ते विचारल्याशिवाय कळायची सोय नाही.